धडगावचा बॉण्ड आणि कॅन्ससचा बॉण्ड

महाराष्ट्रातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्याची बातमी आली की पाठोपाठ एक टोमणा ठरलेला असतो: सरकारच्या पैशावर शिकायचं, गावातली सक्तीची सेवा टाळायला बॉण्डचे पैसे तोंडावर फेकायचे आणि अमेरिका गाठायची. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमचे मामा अशी बातमी टाकतात ती माझ्यासाठीच. आरोप बराचसा खरा आहे. फक्त त्याचा पुढचा भाग फारसा कुणाला ठाऊक नसतो. खेड्यातली सक्तीची सेवा टाळून आमच्यातले जे डॉक्टर इथे अमेरिकेत आले म्हणतात, त्यांतल्या अनेकांना या देशानं पुन्हा खेड्यातल्या सक्तीच्या सेवेलाच बसवलंय. मी सध्या पश्चिम कॅन्ससमध्ये तीच करते आहे. बॉण्ड बुडवून आलेली मात्र नाही. तोही केलाय, धडगावच्या बाजूला, सातपुड्यात.

भारतातली एमबीबीएस घेऊन इथे कुणी थेट पेशंट तपासू शकत नाही. आधी ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी यूएसएमएलई या इथल्या परवाना परीक्षेच्या स्टेप वन आणि स्टेप टू, इंग्रजीची ओईटी परीक्षा, शिवाय आपल्या कॉलेजकडून पदवीची पडताळणी. मग रेसिडेन्सीचं, म्हणजे हॉस्पिटलातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचं, मॅच. आपण हॉस्पिटलांची पसंतीयादी द्यायची, हॉस्पिटलं उमेदवारांची देणार, आणि मार्चमध्ये संगणक जोड्या लावणार. अमेरिकेतच एमडी (ही इथली पहिली वैद्यकीय पदवी) करणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांच्या आसपास मुलं मॅच होतात, तर बाहेर शिकलेल्या परदेशी नागरिकांपैकी अलीकडे ५८ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. पण दरम्यान ‘पास होऊन किती वर्षं झाली’ हा आकडा वाढतो आणि कितीतरी हॉस्पिटलं तो बघूनच अर्ज बाजूला ठेवतात.

ही चाळणी न्याय्य आहे असं मी कधीच म्हणणार नाही. स्टेप वनला पूर्वी गुण मिळत. ते जानेवारी २०२२ पासून बंद झाले आणि नुसतं पास-नापास उरलं. ताण कमी व्हावा हा हेतू चांगला होता, पण इथे कुणी नाव ऐकलेलं नसलेल्या कॉलेजातल्या मुलीला स्वतःला सिद्ध करायची एक जागा त्यात गेली. स्टेप टूचे गुण अजून आहेत. मात्र त्यांच्या जोडीला अमेरिकन डॉक्टरांची शिफारसपत्रं लागतात, आणि ती मिळवायला स्वखर्चानं इथे येऊन राहायचं, पेशंटला हात न लावता राउंडच्या मागे मागे फिरायचं. याला ऑब्झर्व्हरशिप म्हणतात. वडिलांचा फ्लॅट गहाण टाकून ती केलेली मुलं मला माहीत आहेत. आपल्याकडे सर्जन म्हणून दहा वर्षं काम केलेल्या माणसालाही पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटपासूनच सुरुवात करावी लागते. टेनेसीनं २०२३ मध्ये कायदा करून अनुभवी परदेशी डॉक्टरांना रेसिडेन्सी पुन्हा न करता तात्पुरता परवाना द्यायची वाट काढली. काही राज्यं त्या वाटेनं निघाली आहेत, पण सावकाश.

तर रेसिडेन्सी. आमच्यातल्या अनेकांना ती जे-वन या शिकून परत जाणाऱ्यांच्या व्हिसावर मिळते, आणि त्यासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं एक पत्र लागतं. या विषयातल्या डॉक्टरांची आमच्या देशाला गरज आहे आणि या डॉक्टरनं शिक्षण संपल्यावर परत यायची लेखी हमी दिली आहे, अशा अर्थाचं. म्हणजे देशाला आपली गरज आहे हे आम्ही सरकारी शिक्क्यासह घेऊन येतो. अमेरिकेचा कायदाही तेच सांगतो: रेसिडेन्सी संपली की दोन वर्षं मायदेशी जा. न जाण्याचा मार्ग एकच नाही, पण सर्वांत रुळलेला म्हणजे कॉनरॅड ३०. नॉर्थ डकोटाचे तेव्हाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावानं १९९४ पासून चालू असलेली ही योजना. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० डॉक्टरांसाठी या दोन वर्षांच्या अटीतून माफीची शिफारस करता येते. अट अशी, की जिथे डॉक्टर पुरत नाहीत अशा भागात तीन वर्षं, आठवड्याला किमान ४० तास काम करायचं. दंड भरून सुटका हा प्रकारच नाही. योजना कायमची नसल्यानं काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, पुन्हा पुन्हा मुदत वाढवायची, आणि तोवर आम्ही तोंडाकडे बघत बसायचं.

महाराष्ट्रात सरकारी कॉलेजच्या बॉण्डला वर्षानुवर्षं दंडाचा दरवाजा होता: एमबीबीएसनंतरच्या एका वर्षाला १० लाख, पदव्युत्तरला ५० लाख. ज्याच्या घरात दहा लाख निघतात तो शहरात पीजीच्या अभ्यासाला बसला, ज्याच्या घरात निघत नाहीत तो धडगावला गेला. असा बॉण्ड मुळात गरिबाच्या पोराकडूनच वसूल होतो.

पण पैशाहून मोठा फरक आहे तो कोणाला, कधी पाठवतात याचा. सातपुड्यात मी गेले ती इंटर्नशिप संपवून, म्हणजे अडलेली बाळंतीण एकटीनं हाताळायचा अनुभव जवळजवळ नसताना. विचारायला वरिष्ठ नाही, पावसात रस्ता बंद, आणि रेफर करायचं म्हणजे रुग्णवाहिकेची वाट बघणं. मुलींना राहायच्या खोलीला धड कडी नव्हती, हेही लिहायलाच हवं. कॅन्ससमध्ये मी आले ती इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी संपवून. गाव धडगावपेक्षा लहान, पण लॅब रात्री चालते, नर्स अनुभवी, आणि अडलं तर विचिटा शहरातला तज्ज्ञ फोन उचलतो. सक्ती दोन्हीकडे होती. इथे मी उपयोगी पडले, तिथे बव्हंशी रजिस्टरं भरली आणि देवाचं नाव घेतलं.

इथला बॉण्डही गोड नाही. मी या हॉस्पिटलला बांधलेली आहे. इथे पगार अडकला किंवा वागणूक बिघडली, तरी नोकरी बदलायला असाधारण कारण दाखवावं लागतं. हे ओळखून करार कसे लिहितात ते वकिलाशिवाय कळत नाही. एका ओळखीच्या डॉक्टरला कागदावर ४० तास आणि प्रत्यक्षात दर दुसऱ्या वीकएंडला ऑन-कॉल अशी नोकरी मिळाली आणि तिनं ती निमूट पुरी केली. शिवाय तीन वर्षं संपली की पुष्कळजण डॅलसला किंवा शिकागोला निघतात. भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब, की काही जण पुढेही अडकून राहतात, पण त्याला गावाची ओढ म्हणू नये. गावाला डॉक्टर कायमचा मिळत नाही, तीन-तीन वर्षांच्या हप्त्यांनी मिळतो.

तरीही हप्ता भरतो तो शिकून तयार झालेला डॉक्टर. महाराष्ट्रानं बॉण्ड ठेवावा, दंडाची पळवाट पूर्ण बुजवावी, पण नव्या एमबीबीएसला एकट्यानं केंद्रावर न धाडता आधी उपजिल्हा रुग्णालयात वरिष्ठाच्या हाताखाली ठेवावं, आणि खरी सेवा पीजीनंतर घ्यावी. त्यासाठी तिथे भूलतज्ज्ञ, रक्तसाठा आणि कडी लागणाऱ्या खोल्या लागतील. तो खर्च दहा लाखांच्या दंडातून निघणारा नाही, अर्थसंकल्पातूनच करावा लागेल.