पर्यावरण शिकवा, पण फाटकाच्या आत

मुख्याध्यापक महोदय, शाळेत पर्यावरण शिकवा असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सांगून ठेवलंय, त्यामुळे सुटका नाही. पण घाबरू नका. विषय वेळापत्रकात बसवणं वेगळं आणि तो मुलांच्या डोक्यात शिरणं वेगळं, हे मूल्यशिक्षणाच्या तासाने आपल्याला कधीच शिकवलंय.

मुलांना फाटकाबाहेर मात्र सोडू नका. पुणं त्या बाबतीत फार गैरसोयीचं शहर आहे. जिकडे जावं तिकडे टेकडी, नाहीतर ओढा. वेताळ टेकडीवर नेलंत की कुणीतरी विचारणारच, ‘बाई, इथे बरीचशी झाडं एकाच जातीची का?’ मग बाईंना सांगावं लागेल की हे गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचं, भराभर वाढतं म्हणून वनीकरणात लावलं. म्हणजे ‘झाडे लावा’ एवढ्यावर संपणाऱ्या निबंधात ‘कोणती?’ हा नसता प्रश्न घुसला. त्यातच एखादं आगाऊ कार्टं टेकडीवरून न्यायचं घाटत असलेल्या रस्त्याचं नाव विचारेल. बालभारती–पौड फाटा रस्ता! झाडांचे धडे जिथून छापून येतात, त्याच संस्थेचं नाव. यावर कोणत्याही मार्गदर्शिकेत उत्तर नाही.

ओढ्यापेक्षा अ‍ॅमेझॉन बरी. तिच्या काठावर आपल्या कुणा पालकाचा फ्लॅट नाही. आंबिल ओढ्याचा नकाशा काढायला सांगाल, तर 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पाणी घरांत का शिरलं, ओढ्याची रुंदी कुठे गेली, हेही मुलं काढतील. शिवाय संस्थेच्या विश्वस्तांत एखादे बिल्डर असतातच.

हल्ली ‘सगळ्या विषयांशी सांगड घाला’ असं प्रशिक्षणात सांगतात. घाला, पण गणिताशी नको. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढं सातवीच्या पोराला कळतं. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस. शाळेची गच्ची 500 चौरस मीटर धरली, तर साडेतीन लाख लिटर. त्यातलं थोडंफार वाया गेलं तरी दहा हजार लिटरचे तीसेक टँकर सहज. पुढचं उदाहरण फळ्यावर न लिहिताच मुलं सोडवतील: उन्हाळ्यात आपण टँकरला किती पैसे मोजतो? विज्ञानाचे सर तर त्याहून धोक्याचे. धनेश जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो हे सांगून ते थांबत नाहीत; मैदानाकडेचा वड पार्किंगसाठी तोडायचा ठरलाय, तिथवर येतात.

त्यापेक्षा चित्रकलेशी सांगड घाला. जलचक्राची प्रतिकृती थर्माकोलचीच उठून दिसते; 2018 ला बंदी आली, तरी मुलांचा उत्साह कशाला मोडायचा? अकरावी-बारावीच्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’च्या प्रकल्पांचीही काळजी नको. अप्पा बळवंत चौकात चकचकीत चित्रं मिळतात, मजकूर इंटरनेटवर असतो, आणि मुठेच्या पाण्याचं ‘प्रत्यक्ष निरीक्षण’ घरबसल्या करता येतं. उलट नदीकाठी जाऊन केलं, तर निष्कर्षात वासाबद्दल लिहावं लागतं.

राहिला पर्यावरण दिन. 5 जूनला शाळा सुटीवर असते, हे आपलं नशीबच. शिपाईमामांकडून एक रोप लावून घ्या, फोटो पालकांच्या ग्रुपवर टाका. फ्लेक्सवर साल तेवढं घालू नका, पुढच्या जूनला तोच चालतो. पुनर्वापराचे गुण वेगळे मिळतात.