परेड रस्त्यावरच हवी

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या भाच्याने लांबलचक मेसेज टाकला. तो दिल्लीत नोकरी करतो. जानेवारी आला की सरावासाठी रस्ते बंद, बसचे मार्ग बदललेले, ऑफिसला पोचायला दुप्पट वेळ. त्याचं म्हणणं, प्रजासत्ताक दिनाची परेड सरळ एखाद्या स्टेडियममध्ये नाहीतर छावणीच्या मैदानावर घ्यावी, टीव्हीवर सगळ्यांना दिसतेच. शेवटी मला उद्देशून लिहिलं होतं, "मावशी, तू स्वतः परेड केलीयेस म्हणून तुला तसं वाटतं. पण शहराचाही विचार कर." तिथे मी उत्तर दिलं नाही. चार ओळींत उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

पहिली गोष्ट, स्टेडियममध्ये परेड घेऊन झालेली आहे. २६ जानेवारी १९५० ची पहिली परेड आयर्विन ॲम्फिथिएटरमध्ये झाली, म्हणजे आजचं मेजर ध्यानचंद नॅशनल स्टेडियम. त्या दिवशी सकाळी डॉ. राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि दुपारी ते घोड्यांच्या बग्गीतून स्टेडियमकडे निघाले. पाहुणे होते इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो. जवळजवळ तीन हजार जवान, वर शंभराहून जास्त विमानं, आणि आत प्रेक्षक सुमारे १५ हजार. बाहेर रस्त्याच्या दुतर्फा माणसांची दाटी, पण त्यांना दिसली ती बग्गी. ज्या फौजेने स्वतंत्र देशाच्या राष्ट्रपतीला पहिली सलामी दिली, ती सलामी बघायला आत जागा होती १५ हजारांना.

त्यानंतर काही वर्षं परेडला कायमची जागा नव्हती. कधी किंग्जवे, कधी लाल किल्ला, कधी रामलीला मैदान. आज कुणी असं केलं तर आपण म्हणू, नियोजन नाही. मला मात्र त्या वर्षांबद्दल आदर वाटतो. नवा देश आपली जागा शोधत होता आणि प्रत्येक जागेला स्वतःचा अर्थ होता. लाल किल्ल्यात १९४५ साली आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता. रामलीला मैदान म्हणजे जुन्या दिल्लीच्या दारातली जागा, तिथे लोक पायी येऊ शकत. आणि किंग्जवे तर इंग्रजांनी आपल्या सम्राटाच्या थाटासाठी आखलेला रस्ता. १९५५ मध्ये परेड त्याच रस्त्यावर, तोवर राजपथ झालेल्या, कायमची आली. २०२२ पासून त्याचं नाव कर्तव्यपथ. रस्त्याच्या नावावरून लोक हवं तेवढं भांडोत, मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्या रस्त्यावर आपल्या लोकांनी कडेला उभं राहून साहेबाची मिरवणूक बघितली, त्याच रस्त्यावर आता आपली मुलं आपल्याच राष्ट्रपतीला सलामी देतात.

आता थोडं कवायतीचं सांगते, कारण जागा ठरवताना हे कुणी विचारातच घेत नाही. आजच्या तुकड्या साधारण १४४ जणांच्या असतात, बारा-बाराच्या बारा रांगा. अशा तुकडीला सरळ आणि लांब रस्ता लागतो. विजय चौकापासून इंडिया गेटपर्यंत सुमारे दोन किलोमीटर सरळ रेघ आहे. तुकडीचा ठेका बसायला, ड्रेसिंग म्हणजे रांगेची सरळ ओळ जुळायला, सलामीचा 'दाहिने देख' हा हुकूम म्हणायच्या आधी शेवटच्या रांगेपर्यंत एक दम यायला ही लांबी उपयोगी पडते. स्टेडियमच्या वळणावर हीच तुकडी आणा. आतल्या टोकाचा माणूस जवळजवळ जागेवर कदमताल करतो आणि बाहेरच्या टोकाचा ढांगा टाकत पळतो. 'दाहिने घूम'चा सराव आम्ही जितका रडत केला, तितका दुसऱ्या कशाचाच केला नाही. बारा जणांची ओळ वळणावर कशी फाटते हे ज्याने आतून अनुभवलंय, तो स्टेडियम सुचवणार नाही.

विमानांचंही तसंच. त्यांना दुरून सरळ यायला मोकळं आकाश लागतं. दिल्लीत घारी खूप, म्हणून परेडच्या आधी त्यांना ठरलेल्या ठिकाणी मांस टाकून उड्डाणाच्या मार्गापासून लांब ठेवतात. जागा बदलली की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. जानेवारीतलं धुकं कुठेही गेलात तरी सोडत नाही, ती गोष्ट वेगळी.

पण माझं मुख्य म्हणणं कवायतीचं नाही.

मी कॉलेजात असताना एनसीसीतून आरडी कॅम्पला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या शिबिराला, निवडले गेले. महिनाभर दिल्ली छावणीत तंबू, पहाटे तीनला उठणं, गारठ्याने बुटाच्या नाड्या बांधता येत नसत. ज्या दिवसासाठी हे सगळं, त्या दिवशी सलामी मंचासमोरून जायला आम्हाला मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. मला त्यातलं काही आठवत नाही. डोळे उजवीकडे होते, समोर रंगांचा एक पट्टा सरकला, 'सामने देख' झालं आणि मंच मागे गेला.

आठवतं ते पुढचं. इंडिया गेटवरून वळून टिळक मार्ग, बहादूरशाह जफर मार्ग, दिल्ली गेट, दर्यागंज आणि मग लाल किल्ला. सगळा मिळून आठ-नऊ किलोमीटरचा पल्ला. टाचा सोललेल्या, खांदे भरून आलेले, आणि फुटपाथवर माणसंच माणसं. या लोकांकडे पास नव्हते, खुर्च्या नव्हत्या. कुणी स्टूल आणलं होतं, कुणी पोराला खांद्यावर घेतलं होतं. दिल्ली गेटजवळ आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्या ओळीला समांतर चालायला लागला. स्वेटरच्या बाह्या हातांवरून खाली लोंबत होत्या. तो आमच्या पायांकडे बघून पाय टाकत होता. चुकला की थांबायचा, एक उडी मारून पाय बदलायचा आणि पुन्हा जुळवून घ्यायचा. पाय बदलण्याची ही रीत आम्हाला उस्तादांनी शिव्या देऊन शिकवली होती, ती त्याला अशीच जमली. बरंच अंतर तो आला. मग पोलिसाने त्याला मागे घेतलं. त्याच्या शेजारून चालताना माझी पाठ सरळ झाली, हे मी आजही शपथेवर सांगेन. मंचावरच्या माणसांसाठी मी सराव केला होता, पण चालले त्या मुलासाठी.

छावणीच्या मैदानात हा मुलगा कुठून येणार?

सेना दिवसाचं बघा. जनरल करिअप्पांनी १५ जानेवारी १९४९ ला जनरल बुचर यांच्याकडून लष्कराची सूत्रं घेतली, म्हणून हा दिवस. वर्षानुवर्षं त्याची परेड दिल्ली छावणीतल्या करिअप्पा मैदानावर होत आली. उत्तम मैदान, शिस्त, सुरक्षा, सगळं चोख. पण त्याच शहरातल्या किती लोकांना १५ जानेवारीला काय असतं हे माहीत होतं? २०२३ मध्ये ती परेड पहिल्यांदा दिल्लीबाहेर नेली, बंगळूरला. मग लखनौ, २०२५ ला आपल्या पुण्यात खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर, आणि २०२६ ला जयपूर. जयपूरला तर छावणीची भिंतही ओलांडली, शहरातल्या रस्त्यावर परेड घेतली. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांचं मी मनापासून अभिनंदन करते. नौदलानेही २०२३ ला नौदल दिन सिंधुदुर्गात केला, तेव्हा तारकर्लीच्या वाळूत उभं राहून लोकांनी युद्धनौका पाहिल्या. राजधानीने एक दिवस आपल्याकडे ठेवावा आणि बाकीचे वाटून टाकावेत, हे मला पूर्ण पटतं.

मात्र लोकांमध्ये जायचं तर लोकांची काळजी घेऊन जायला हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाची प्रात्यक्षिकं झाली. अफाट गर्दी आणि ऊन, त्या दिवशी पाच माणसं दगावली. ती बातमी वाचून मी सुन्न झाले होते. पाणी कुठे मिळेल, सावली कुठे आहे, म्हातारं माणूस कोसळलं तर रुग्णवाहिका कुठल्या बाजूने येईल आणि कार्यक्रम संपल्यावर सगळे एकाच रस्त्याने परतणार आहेत का, हे प्रश्न मंचाचं तोंड कुठे करायचं याच्याआधी सुटायला हवेत. इथे माझ्या भाच्याचं बरोबर आहे. शहर अडवायचं तर त्याची किंमत ठाऊक असायला हवी. सरावाचे दिवस कमी करा, पर्यायी रस्ते आठवडाभर आधी स्पष्ट सांगा, हॉस्पिटलकडे जाणारी वाट काही झालं तरी उघडी ठेवा. हे सगळं करता येण्यासारखं आहे. २०२१ मध्ये करोनामुळे परेड लाल किल्ल्यापर्यंत न नेता नॅशनल स्टेडियमपाशी संपवली आणि प्रेक्षक २५ हजारांवर आणले. तेव्हा गरज होती. त्या वर्षी टीव्हीसमोर बसून मी दर्यागंजच्या रिकाम्या फुटपाथचा विचार करत होते.

एका बाबतीत मात्र माझं मत बदललं, तेही सांगायला हवं. १९७२ पासून इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत होती. २०२२ च्या जानेवारीत ती राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आमच्या पिढीचं डोकं त्या ज्योतीसमोर झुकलेलं आहे. मग दोन वर्षांपूर्वी स्मारकात गेले. इंडिया गेटवर नावं आहेत ती पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात इंग्रजांसाठी लढलेल्या सैनिकांची, तीही मान वर करून बघावी लागतात. इथे त्यागचक्र नावाच्या गोलाकार भागात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं ग्रॅनाइटच्या विटांवर आहेत आणि ती डोळ्यांसमोर येतात. माझ्या शेजारी एक बाई एका नावावरून बोट फिरवत होत्या. नाव संपलं की पुन्हा पहिल्या अक्षरापासून. संध्याकाळी रिट्रीटच्या, म्हणजे दिवसअखेरच्या लष्करी मानवंदनेच्या वेळी शहीद जवानाच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. मोजकी माणसं, एक बिगुल. हा सोहळा कर्तव्यपथावर शोभला नसता, त्याला ही गोलाकार, खाली उतरत जाणारी, शांत जागाच हवी होती.

आणि तरीही अशोकचक्र हा शांतताकाळातला सर्वोच्च शौर्य सन्मान मात्र प्रजासत्ताक दिनी उघड्यावर, सगळ्यांसमोर दिलं जातं. २०१९ मध्ये शहीद लान्स नाईक नझीर अहमद वानींच्या पत्नी राजपथावर ते घ्यायला आल्या होत्या. त्या सन्मानाला साक्षीदार लागतात, म्हणून तो एखाद्या दरबार हॉलच्या झुंबराखाली उरकून चालणार नाही.

भाच्याला रात्री फोन केला. म्हटलं, पासच्या मागे लागू नकोस. २३ जानेवारीला फुल ड्रेस रिहर्सल असते, तीही पूर्ण गणवेशात, बँडसकट. सुट्टी टाक, मी येते. दिल्ली गेट ते दर्यागंज जिथे उभं राहू देतील तिथे उभं राहू. सकाळी लवकर जावं लागेल आणि थंडी खूप असेल. तो म्हणाला, "मावशी, स्टूल आणू का तुझ्यासाठी?"

आण म्हटलं.