स्पोर्ट्स कारच्या फोटोंची 'सात गुपितं' आणि त्यांचा समाचार

'स्पोर्ट्स कारचे फोटो: प्रोफेशनल लोक कधीच सांगत नाहीत ती सात गुपितं' असा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, 'जास्तीत जास्त शेअर करा' मात्र आहे. असले मजकूर मी उघडतही नाही. पण हा माझ्या भाच्यापर्यंत पोचला. तो पुण्यात महागड्या जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानासाठी फोटो काढतो. त्याचा फोन आला, "मावशी, शूट दुपारी बाराला लावू का? यात तसंच लिहिलंय." आता गप्प बसणं शक्य नाही.

थोडक्यात ती गुपितं अशी. एक, फोटो दुपारी बारा ते दोनमध्येच काढा, तेव्हा प्रकाश सर्वात जास्त असतो. दोन, सूर्य कायम आपल्या पाठीशी ठेवा. तीन, लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर) लावला की गाडीवर एकही प्रतिबिंब राहत नाही, मग ऊन कितीही असो. चार, ढगाळ दिवशी आणि पावसाळ्यात कॅमेरा बाहेरच काढू नका. पाच, वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य घेणारी) लावून अगदी जवळून काढा, गाडी आक्रमक दिसते. सहा, रिकाम्या घाटरस्त्यात मधल्या पट्टीवर गाडी उभी करा. सात, फोटोआधी बॉडी आणि चाकांवर डिझेलचं फडकं मारा.

क्रमाने जात नाही. जिवाशी खेळ आहे तो मुद्दा आधी.

सहावा. 'रिकामा घाटरस्ता' ही काय चीज आहे? ताम्हिणी घाट घ्या. वळणाआडून येणाऱ्याला तुमची गाडी वळल्यावरच दिसणार. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. चालवणाऱ्याला काय चाललंय ते कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीसेक मीटर संपले, ब्रेक लागणं त्यानंतर. तुम्ही तेव्हा गुडघ्यावर बसलेले, डोळा कॅमेऱ्याला. पावसाळ्यात धुकं असेल तर बोलायलाच नको. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२२ स्पष्ट आहे: इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा स्थितीत सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणणाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड सांगतं. पण दंडाची भीती घालून काय उपयोग, समोरून टँकर आला तर पावती फाडायला कोण उरणार?

बरं, हे करायची गरजही नसते. रस्त्याच्या कडेला, डांबराबाहेरच्या मोकळ्या जागेत गाडी लावा, आपणही डांबराबाहेरच राहून लांब जा आणि १०० ते १३५ मिलिमीटरच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने काढा. मागचं वळण जवळ ओढल्यासारखं येतं आणि गाडी रस्त्यावरच आहे असं वाटतं. किंवा ओळखीच्या कुणाची मोकळी फरसबंद जागा परवानगीने घ्या. (याच मजकुराच्या एका आवृत्तीत 'समुद्रकिनाऱ्यावर उतरवा' असंही जोडलेलं पाहिलं. कोकणात भरतीत रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढतानाचे व्हिडिओ दर सुट्टीत येतात, ते बघा आणि ठरवा.)

आता पहिला आणि तिसरा एकत्र, कारण तिसऱ्याच्या जोरावरच पहिला उभा आहे. 'दुपारचं ऊन कडक असतं खरं, पण पोलरायझर आहे ना' असा एकूण युक्तिवाद.

मुळात गाडीचा फोटो म्हणजे बऱ्याच अंशी गाडीत उमटलेल्या आजूबाजूचा फोटो. चिंचेने घासलेल्या पितळी तांब्यात अख्खं स्वयंपाकघर दिसतं, तसं चकचकीत दारात समोरचं झाड, भिंत, आभाळ आणि कॅमेरा धरलेले तुम्ही दिसता. त्यामुळे प्रकाश किती आहे याला फार किंमत नाही. तो आभाळात केवढ्या जागेवर पसरलाय, यावर सगळं ठरतं. सूर्य आपल्या आभाळात जेमतेम अर्ध्या अंशाचा. त्याचं प्रतिबिंब पत्र्याच्या प्रत्येक गोलाईवर एक पांढरा जळका ठिपका होऊन बसतं. आणि आपल्याकडे तो डोक्यावर येतो म्हणजे खरंच येतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस तर सावली पायाखाली जाते. अशा वेळी छत आणि बॉनेट भाजून निघतात, दारं स्वतःच्याच सावलीत काळवंडतात, चाकं कमानीखाली गायब. स्पोर्ट्स कार घेणारा ज्याचे पैसे मोजतो ती खांद्याची रेघ, म्हणजे पुढच्या चाकावरून मागच्या चाकापर्यंत जाणारी घडी, सपाट होऊन जाते. वर कापडाने पुसताना पडलेले गोल गोल ओरखडे एकूण एक चमकतात. गाडी विकायची आहे ना?

हिवाळ्यापुरतं थोडं मान्य करते. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे हाल कमी होतात. पण मजकूर लिहिणाऱ्याला हे ठाऊक असावं असं वाटत नाही. आपल्याकडे सूर्य सर्वात वर येतो तोच घड्याळात साडेबाराच्या पुढेमागे, इतका साधा हिशेबही त्यात नाही.

राहिला पोलरायझर. डेव्हिड ब्रूस्टर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ साली नियम मांडला, आणि तो एकटाच तिसरं गुपित निकालात काढायला पुरेसा आहे. काचेसारख्या, धातू नसलेल्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश एका ठरावीक कोनातच पूर्ण ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात. काचेसाठी हा कोन पृष्ठभागाच्या लंबापासून सुमारे ५६ अंश. तेवढ्याच कोनात फिल्टर ती चमक पूर्ण गिळतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे अर्धवट, आणि समोरासमोर पाहिलं तर जवळजवळ नाहीच. आता मला स्पोर्ट्स कारवर एक हातभर सपाट जागा दाखवा. सगळं वळणदार, म्हणजे प्रत्येक इंचाला वेगळा कोन. त्यात बॉनेट आडवं आणि दार उभं. बॉनेटची चमक घालवायला फिल्टर फिरवला की दाराची तशीच राहते, दाराची घालवायला फिरवला की बॉनेट परत झगझगतं. म्हणून तर मुरलेले लोक ट्रायपॉडवर फिल्टर वेगवेगळा फिरवून दोन-तीन फ्रेम घेतात आणि संगणकावर जोडतात. अलॉय (मिश्रधातूची) चाकं आणि क्रोम तर धातू, तिथे ब्रूस्टरचा नियम तसा लागू होत नाही. शिवाय दाराच्या टेम्पर्ड (तापवून कडक केलेल्या) काचांवर फिल्टरमुळे चट्टे आणि इंद्रधनुषी डाग उमटतात ते वेगळेच.

पोलरायझर वाईट नाही. विंडशील्डमधलं आभाळ घालवून आतलं स्टिअरिंग दाखवायला त्याच्यासारखं काही नाही, रंगही गडद होतो. दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश खातो, तो खाऊ दे. पण एकही प्रतिबिंब नसलेली गाडी दिसते कशी? मातीच्या खेळण्यासारखी. प्रतिबिंबांच्या रेघांमधूनच तर डोळ्याला आकार कळतो. ती घालवू नयेत, निवडावीत. गाडीच्या ज्या बाजूचा फोटो काढायचा तिच्या समोर मोकळं माळरान असेल, तर दारात खाली जमिनीची काळी पट्टी, वर आभाळाची उजळ पट्टी आणि मध्ये क्षितिजाची एक स्वच्छ रेघ मिळते. समोर विजेचे खांब असतील तर दारातही खांबच येणार. आणि कृपा करून पिवळा टी-शर्ट घालून जाऊ नका.

म्हणूनच चौथं गुपित साफ उलटं आहे. ढगाळ आभाळ म्हणजे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचा एकच दिवा, तोही फुकट. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत मिळतो तसा मऊ उजेड स्टुडिओवाले लाखो रुपयांच्या कापडी छतातून आणतात. शिवाय ओल्या डांबरावर खाली गाडीचं दुसरं रूप उमटतं. यातही अर्धं खरं काढायचंच तर एवढंच की फ्रेममधलं पांढरं आभाळ जळून जातं. मग ते फ्रेममध्ये घेऊ नका, मागे हिरवा डोंगर घ्या.

ऊन हवंच असेल तर सूर्यास्ताच्या आधीचं. इथे परदेशी व्हिडिओ बघून गल्लत होते. तिकडे 'गोल्डन अवर', म्हणजे सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेड, खरोखर लांबतो, कारण सूर्य तिरका उतरतो. मार्च किंवा सप्टेंबरच्या अखेरीस क्षितिजापासूनचे शेवटचे सहा अंश उतरायला त्याला लंडनमध्ये चाळीसेक मिनिटं लागतात, आपल्याकडे पंचवीसच्या आसपास. मुळशीसारख्या ठिकाणी पश्चिमेला डोंगर असला तर त्यातलीही दहा गेली. तेव्हा गाडी आधी लावून, पुसून, पुढचं चाक अलॉय कॅमेऱ्याकडे दिसेल असं वळवून तयार राहायचं. सूर्य गेल्यावर सामान आवरायचं नाही, पश्चिमेचं आभाळ उजळ असतं ती वीस मिनिटं गाडीसाठी सर्वात चांगली. ट्रायपॉड मात्र लागतो.

दुसरं गुपित: कमी उंचीवरचा सूर्य पाठीशी असेल तर रंग खरा येतो, विक्रीच्या जाहिरातीला चालून जातं. पण तुमची लांबलचक सावली थेट बंपरवर पडते. थोडं बाजूला सरका, विषय संपला.

पाचवं: जवळून वाइड लावली की नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. मोबाईलचा मुख्य कॅमेरा वाइडच असतो, म्हणून चार पावलं मागे जाऊन २एक्स किंवा ३एक्स वापरा आणि हेडलाइटच्या उंचीवर बसा. गंमत म्हणजे वाइड लेन्सवर पोलरायझर लावला की निळ्या आभाळात मध्येच एक काळपट पट्टा येतो. लिहिणाऱ्याने आपलीच दोन गुपितं कधी एकत्र वापरलेली दिसत नाहीत.

सातवं, डिझेलचं फडकं. ही आपल्याकडची जुनी खोड, टॅक्सी-ट्रकवाल्यांनी रुजवलेली. तेलकट थरावर पाच मिनिटांत धूळ बसते आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) घासली जाते. चाकांचं त्याहून वाईट. स्पोर्ट्स कारच्या अलॉयमधून ब्रेकची डिस्क उघडी दिसते, फडक्यातलं डिझेल तिच्यावर गेलं तर परतीच्या उतारावर ब्रेक नीट धरणार नाही. मायक्रोफायबरचं ओलं फडकं, तेही सावलीत आणि पत्रा गार झाल्यावर. टायर काळे हवेच असतील तर पाण्यावर आधारित टायर ड्रेसिंग (टायर काळं करणारं पॉलिश) स्पंजावर घेऊन फक्त कडेच्या रबराला लावायचं, जमिनीला टेकणाऱ्या भागाला नाही, आणि डिस्कजवळ स्प्रेची बाटली न्यायचीच नाही.