"म्युझियम बंद, जपान राहिलं, वर जादा पैसे" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या गाडीने म्युझियम बघायला गेलेल्या तुमच्या आई-बाबांना ताटकळावं लागलं, त्याबद्दल क्षमस्व. पण "बंद दारासमोर नेऊन उभं केलं आणि वर थांबण्याचे पैसे लावले" हे जिव्हारी लागलं. सॅन फ्रान्सिस्कोचं एशियन आर्ट म्युझियम मंगळवारी-बुधवारी बंद असतं, शुक्रवार ते सोमवार 10 ते 5 उघडं. गुरुवारी मात्र दुपारी 1 ते रात्री 8. त्यांची फेरी गुरुवारची, म्हणूनच फ्रीमाँटहून गाडी 11.30 ची ठरवली होती. आदल्या रात्री "9 लाच निघा" हा आग्रह तुमचा. 1 ची वेळ मेसेजमध्ये दोनदा लिहिलेली आहे, एकदा तर ठळक. फोनवर पुन्हा बजावलं नाही, तेवढी आमची चूक.

आता जपानचं दालन बघायचं राहिलं, त्याबद्दल. म्युझियममध्ये आधी तिसऱ्या मजल्यावर जायचं असतं (लिफ्ट आहे, जिने चढावे लागत नाहीत). सुरुवात भारतापासून, मग आग्नेय आशिया, हिमालय, चीन. दुसऱ्या मजल्यावर कोरिया आणि अगदी शेवटी जपान. वेरूळ पाहिलेली आपली माणसं भारताच्या मूर्तींपाशीच रमतात, त्यात तासभर जातो. बाबांचंही तेच झालं, आणि त्यात वावगं काही नाही. पण मग चीनच्या दालनातला कांस्याचा गेंडा धावत बघावा लागतो. जेमतेम 9 इंच उंच, पोटात मद्य ठेवायचं पात्र, 3,000 वर्षांपूर्वीचं. जवळच बुद्धाची सोनेरी मुलाम्याची मूर्ती असते, तिच्या बैठकीच्या मागे इ.स. 338 हे साल कोरलंय. साल कोरलेल्या चिनी बुद्धमूर्तींत याहून जुनी माहीत नाही. मागची बाजू कोण बघतं?

आणि 3 वाजता "पुलावर धुकं उतरायच्या आत चला" असा फोन तुमचाच आला. म्युझियम रात्री 8 पर्यंत उघडं होतं, ताई. गाडी खालीच उभी होती.

"रविवारी फुकट असतं" हेही अर्धंच. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि तेव्हा गर्दी असते.

थांबण्याचे निम्मे पैसे आज परत पाठवतो. वेळ बदलली तर यापुढे फोन करूनच पक्कं करू. घाई असेल त्यांना जपानपासून उलटं फिरायचं कसं, तेही कागदावर देऊ, जमेल तसं. एका स्टारचा तेवढा पुन्हा विचार करा.