पट्टा पोटाखालून घ्या, काढू नका

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला सहा-सात जणींनी पाठवला. बहुतेक माझ्याकडेच गाडी शिकलेल्या. एकीने खाली लिहिलं होतं, "ताई, मी रोज मोहोळला गाडी घेऊन जाते, पाचवा चालू आहे. आता काय करू?"

मेसेज असा: गरोदर बाईने गाडी चालवूच नये, खड्ड्यांच्या दणक्याने गर्भ पडतो. सीटबेल्टने बाळ दबतं, म्हणून तो लावू नये. एअरबॅग बंद करून घ्यावी. आणि जायचंच असेल तर नवऱ्याच्या मागे टू-व्हीलरवर बसून सावकाश जावं.

मी डॉक्टर नाही. जुळे सोलापुरात बारा वर्षं बायकांना चारचाकी शिकवते, आणि माझ्या दोन्ही वेळी आठव्या महिन्यापर्यंत गाडी चालवली. या मेसेजमधली काही वाक्यं नुसती चुकीची आहेत. बेल्टचं वाक्य मात्र जीव घेणारं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

"बेल्टने बाळ दबतं." ब्रेक जोरात लागला की गाडी थांबते, आपण थांबत नाही. बेल्ट नसेल तर सातव्या-आठव्या महिन्यात स्टिअरिंगवर सगळ्यात आधी पोटच आदळणार, कारण सगळ्यात पुढे तेच असतं. बाळाला वाचवायचं तर आईला जागेवर धरून ठेवावं लागतं, आणि ते काम बेल्टच करतो. दाबाची भीती अगदीच उगाच नाही. पट्टा पोटावरून आडवा घेतला तर तो खरंच दाबतो. म्हणून खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या टोकाशी, कमरेच्या हाडांवर टेकवायचा. वरचा पट्टा दोन स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने खाली न्यायचा. पीळ नको, ढिलेपणा नको, मध्ये उशी नको. साडी असेल तर आधी निऱ्या नीट बसवा आणि मग पट्टा ओढा, नाहीतर निऱ्यांच्या फुगीवर चढून तो वर पोटाकडे सरकतो. हे मी कितीतरी जणींच्या बाबतीत पाहिलंय.

काही जणी पट्टा सीटच्या मागून घेऊन खटक्यात अडकवतात किंवा नुसती क्लिप घालतात, म्हणजे अलार्म वाजत नाही. या क्लिपा विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्या काढून टाकायला लावल्या. घरात असेल तर फेकून द्या.

"एअरबॅग बंद करा." करू नका. एअरबॅग आणि बेल्ट यांची जोडी आहे. स्टिअरिंगवर जी एसआरएस अक्षरं असतात, त्यातलं पहिलं अक्षर 'पूरक' या अर्थाचं आहे. पूरक कोणाला, तर बेल्टला. तुमच्या हातात आहे ते अंतर. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटीमीटर जागा हवी, म्हणजे साधारण एक वीत आणि वर चार बोटं. पोट वाढेल तशी सीट मागे घ्या आणि स्टिअरिंगचा रोख पोटाकडे न ठेवता छातीकडे करा. सीट मागे घेऊन पाय क्लचवर पूर्ण दाबला जात नसेल, तर त्या दिवसापासून ती गाडी तुम्ही चालवायची नाही. महिना कितवा आहे ते मोजू नका, पाय पोहोचतो का ते बघा.

"खड्ड्याने गर्भ पडतो." आपल्या रस्त्यांवर कंबर मोडते, हे खरं. पण पहिले तीन महिने गर्भाशय कमरेच्या हाडांच्या कड्यात असतं आणि पुढे बाळाभोवती पाणी असतं. सुरुवातीच्या महिन्यांतले साधारण निम्मे गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषांमुळे होतात. गाडी चालवली काय नि घरात बसलं काय, ते टळत नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या एका विद्यार्थिनीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला आणि सासरी तिला वर्षभर "गाडी चालवलीस म्हणून" हेच ऐकावं लागलं. तो दोष तिचा नव्हता. मात्र वार (बाळाला नाळेने जोडलेली, गर्भाशयाला चिकटलेली प्लॅसेंटा) खाली असेल, रक्त जात असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा मुदतीआधी कळा येण्याची भीती असेल, तर डॉक्टर सांगतील तेच करायचं.

"नवऱ्याच्या मागे बसा." इथे मेसेज बाईला बेल्ट आणि पत्रा असलेल्या गाडीतून उतरवून, एका बाजूला पाय सोडून, बहुतेक वेळा हेल्मेटशिवाय मोटरसायकलवर बसवतो. साईड बसल्यावर तोल आधीच जातो, त्यात पोटाचा भार. अक्कलकोट रोडला रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली आडवी आली तर तिने काय धरायचं?

एक गोष्ट मेसेजवाल्यांच्या बाजूची आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात पाच लाखांवर बाळंतिणींचा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत स्वतः गाडी चालवताना गंभीर अपघात होण्याचं प्रमाण त्यांच्याच आधीच्या काळापेक्षा ४२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. संशोधकांनी गाडी सोडा असं सांगितलं नाही, सांभाळून चालवा असं सांगितलं. थकवा, मळमळ, अपुरी झोप आपण अंगावर काढतो, तेव्हा त्याकडे बघा. उलट्यांसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या डॉक्सिलामाइनच्या गोळीने झोप येते. ती घेतल्यावर चावी हातात घेऊ नका.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत लगेच बसू नका, दारं उघडी ठेवून गरम हवा जाऊ द्या. पुण्याला जायचं तर अडीचशे किलोमीटर आहेत. दर दीड-दोन तासांनी उतरून चाला, पाणी प्या, कारण गरोदरपणात पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो. माहेरी निघताना टेंभुर्णीत थांबलात म्हणून कोणी नाव ठेवत नाही. आणि कळा सुरू झाल्या तर स्वतः चालवायचं नाही, १०८ लावायचा.

मेसेजमध्ये नसलेली पण घरोघरी ऐकू येणारी एक समजूत: "मला कुठे लागलं नाही, म्हणजे बाळही ठीक." हे धरून चालू नका. मागून हलकी धडक बसली तरी वार सुटू शकते, आणि आईच्या अंगावर ओरखडाही नसतो. त्याच दिवशी दवाखान्यात जा. तिथे बाळाचे ठोके काही तास बघत राहतात. रक्त जाणं, पाणी जाणं, पोट कडक होणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं यातलं काहीही असेल तर एक मिनिटही थांबू नका. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) ७२ तासांच्या आत लागू शकतं, म्हणून रक्तगटाचा कागद गाडीच्या खणात ठेवा. मोहोळच्या मुलीची सीट परवा मी मागे घेऊन दिली, आणि तिच्या गाडीत तो कागदही ठेवला आहे.