हळद नंतर विका, आधी शिक्का दाखवा

सांगलीची हळद किंवा कोल्हापूरचा गूळ परदेशात न्यायचं ठरवलंत? अभिनंदन. सरकार तुमच्या पाठीशी आहे. किती अंतर राखून आहे, ते पुढे कळेलच.

सुरुवात देवघरापासून करा. 500 रुपये भरून आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी नंबर) काढलात, म्हणजे गणपती बसला. आता हळदीचं दैवत स्पाइसेस बोर्ड आणि गुळाचं अपेडा (शेतमालाच्या निर्यातीचं सरकारी मंडळ), दोघांची नोंदणी वेगळी. जानेवारी 2025 पासून निजामाबादला राष्ट्रीय हळद बोर्डही आलंय, तेव्हा एक फूल तिकडेही. आणि दर वर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत आयईसी 'अपडेट' करायला विसराच. काहीच बदललेलं नसेल तरी 'काही बदललेलं नाही' असं कळवावं लागतं. नाही कळवलं तर नंबर बंद पडतो, आणि ते समजतं शिपिंग बिल, म्हणजे कस्टमचा निर्यातीचा अर्ज, भरताना.

लेबल फक्त इंग्रजीत छापा. दुबईला अरबी लागतं, हे दहा हजार पाऊच छापून झाल्यावर कुणीतरी सांगेलच.

प्रयोगशाळेवर पैसे घालवू नका. युरोपात हळदीतल्या अ‍ॅफ्लाटॉक्सिन बी1 या बुरशीच्या विषाची मर्यादा किलोला 5 मायक्रोग्रॅम आहे. माल बंदरात अडकल्यावर हा आकडा पाठ होतो तो जन्मभरासाठी.

मग तिथल्या भारतीय वकिलातीच्या वाणिज्य विभागाला लिहा. सप्टेंबर 2024 पासून त्यासाठी ट्रेड कनेक्ट नावाचं पोर्टल आहे. नीट लिहा हं. एचएस कोड (कस्टममधला मालाचा नंबर) 091030, कर्क्युमिन (हळदीचा पिवळा घटक) किती टक्के, 25 किलोची बॅग, न्हावा शेवा एफओबी भाव (जहाजावर चढवेपर्यंतचा), महिन्याला किती टन. उत्तरात एक्सेलची यादी येईल. तुम्ही कोड दिलात म्हणून ती कोडानुसार असेल असं समजू नका. 'फूड' हा शब्द नावात असलेलं सगळं त्यात आहे, त्यात केक शॉपही आलं. अर्धे फोन लागत नाहीत, लागतात तिथे 'परचेस'चा माणूस कधीच सोडून गेलेला असतो. पण यादी गेली की तुमची चौकशी निकाली निघते.

परदेशातल्या प्रदर्शनाला जरूर जा. 9 चौरस मीटर, एक टेबल, दोन खुर्च्या, वर तुमच्या नावाची पट्टी, स्पेलिंग त्यांचं. पहिल्या दिवशी सकाळी, खरे खरेदीदार फिरतात नेमक्या त्याच वेळी, पॅव्हेलियनचं उद्घाटन असतं. फीत, दिवा, फोटो. गर्दीमुळे खरेदीदार पुढच्या देशाच्या गल्लीत वळतो. सॅम्पल सगळ्यांच्या सामायिक खेपेतच पाठवा, ती कस्टममधून तिसऱ्या दिवशी दुपारी सुटते. सामानात दोन किलो स्वतः नेणारे लोक अविश्वासू असतात.

आता मुख्य मुद्दा, विमानभाडं. निर्यात प्रोत्साहनाचं नवं मिशन 25,060 कोटींचं आहे, 2030-31 पर्यंत. त्यात आदल्या वर्षी 75 लाखांपर्यंत निर्यात असलेल्यांना भाड्यात अंशतः मदत आहे. चांगली गोष्ट आहे. फक्त पैसे आधी तुम्ही घालायचे आणि परत आल्यावर मागायचे. मागताना तिकीट, बोर्डिंग पास, स्टॉलचे फोटो, सीएचा दाखला, बँकेचा तपशील आणि पासपोर्टची प्रत, जाण्या-येण्याचे शिक्के ठळक करून. नुकताच असाच एक दावा परत आला. कारण: 'शिक्का दिसत नाही.' दिसणार कुठून? दुबईच्या स्मार्ट गेटातून माणूस चालत जातो, शिक्का मारायला तिथे कुणी बसलेलंच नसतं. युरोपने 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांच्या जागी संगणकावर नोंद सुरू केली. आणि मुंबई विमानतळावर जानेवारी 2025 पासून जे झटपट इमिग्रेशनचं गेट आहे ना, बोट ठेवलं की उघडणारं, तेही शिक्का मारत नाही. ते कुणाचं? आपल्याच केंद्र सरकारचं! एका खात्याने शिक्का मारणं बंद करायचं, दुसऱ्याने तोच मागायचा, आणि मधल्या मध्ये चाळीस-पन्नास हजार अडकणार कुणाचे, तर वर्षाला मोजके कंटेनर पाठवणाऱ्याचे. बोर्डिंग पास मोबाइलवर घेतला असेल तर आणखी एक शेरा: 'मूळ प्रत जोडावी.' मोबाइल जोडू का?

उपरोध पुरे झाला. अहो, बाहेर जाण्या-येण्याची नोंद सरकारच्याच संगणकात आहे. पासपोर्ट नंबर टाकून ती बघायला काय होतं? छोट्या निर्यातदाराला फीत नको, दिवा नको. त्याला हवेत त्या शहरात हळद खरोखर घेणारे पाच जण, वाणिज्य विभागातल्या कुणीतरी स्वतः फोन करून खात्री केलेले. तिथल्या लेबलचे नियम एका पानावर, छपाईच्या आधी. नवा गिऱ्हाईक पैसे बुडवणारा तर नाही ना, याची चौकशी. ही कामं करायला जास्तीची योजना लागत नाही, खुर्चीतून उठावं लागतं. आणि प्रदर्शनानंतर तीन महिन्यांनी एकदा विचारा तरी, की कार्डं दिलेल्यांपैकी ऑर्डर किती जणांनी दिली. हा प्रश्न अहवालात कधीच नसतो, स्टॉल किती उभे राहिले ते मात्र असतं.

तोवर, पुढच्या प्रदर्शनाला निघालेल्यांनो, आपोआप उघडणाऱ्या गेटाकडे ढुंकूनही पाहू नका. माणूस बसलेल्या काउंटरची लांब रांग धरा, कोरं पान उघडून पुढे करा आणि शिक्का मागून घ्या. बोर्डिंग पास कागदावरच छापून घ्या. परतीचाही.