केएच, बोअर आणि मोरीत जाणारं पाणी: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यटाकीतला केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं, म्हणजे आम्ल पचवण्याच्या ताकदीचं माप) ६.३ अंशांवर घसरला आणि खायचा सोडा घालून मी तो सावरला, या लेखावर तुम्ही लिहिलंत, "चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या आपल्या सोलापुरात आरओ लावून तिप्पट पाणी मोरीत सोडायचं आणि वर सोडा घालून केएच वाढवायचा, हे कुठलं शहाणपण? बोअरच्या पाण्यात केएच फुकट आहे. माझा मित्र सहा महिने तेच भरतोय, त्याची टाकी ठणठणीत आहे."

पाण्याबद्दलचं तुमचं बोलणं लागलं, कारण ते खरं आहे. आरओचं वाया जाणारं पाणी मी ड्रममध्ये धरतो. फरशी, संडास, गाडी धुणं त्यावर भागतं. कूलरमध्ये मात्र घालत नाही, जाळ्यांवर क्षार धरतो. हे सगळं मूळ लेखातच यायला हवं होतं.

केएचचं तुमचं गणितही चुकलेलं नाही. आमच्या बोअरचं पाणी मी तपासलं, केएच १६ निघाला. माझी टाकी २०० लिटरची. मे महिन्यात तिच्यातलं रोज चार लिटर पाणी उडून जातं. तेवढं बोअरचं भरलं तर केएच रोज ०.३ ने वाढेल. तुम्ही ३० वर्षं गोड्या पाण्यातले गप्पी-मोली मासे सांभाळताय, त्यांना हे पाणी मानवतंच. शिवाय तुम्ही दर आठवड्याला बरंच पाणी बदलता, साठलेलं निघून जातं. माझ्या टाकीत उडतं ते निव्वळ पाणी, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं. त्याच बोअरच्या पाण्यात टाकीला नको असलेला नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅम होता. महिन्याला १२० लिटर भरलं की माशांना चिमूटभरही खाणं न घालता टाकीतला नायट्रेट २४ ने चढणार. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका असतो, त्यावर नव्या टाकीत तपकिरी थर माजतो. वाटेत पितळेचा नळ किंवा तांब्याचा पाइप असेल तर मला जास्तच धास्ती वाटते. मासे सोसतील एवढं तांबंही कोळंबी आणि गोगलगाय यांच्या जिवावर उठतं.

पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. केएच कमी, म्हणजे तो वाढवायचा, हे आपण दोघांनीही धरूनच चाललो. तुम्ही बोअरने, मी सोड्याने. तो जातोय कुठे, हे मीही पहिले पंधरा दिवस विचारलं नव्हतं. सोडा घालायचो, संध्याकाळी ७.५ दिसायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ६.३.

दगडी प्रवाळ सांगाडा बांधायला केएच ओढतात. पण ते आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, माझ्याकडे ते नाहीत. आहेत ती चार मऊ बटणं (दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ), त्यांची गरज नगण्य. मग आरओच्या पाण्यात कालवून टाकीत भरतो ते समुद्री मीठ बघितलं. त्याच पुड्यातलं नव्याने कालवलेलं पाणी केएच ८.२ दाखवत होतं, म्हणजे मीठ चांगलं. नव्या टाकीत अमोनियाचा नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं. नायट्रेट ५० वर गेला तर सव्वादोन अंश केएच त्यात जातो. माझ्याकडे नायट्रेट जेमतेम ५ होता.

उत्तर पंपावर सापडलं. पंप सोडवला तर पंख्यावर खरखरीत पांढरा थर, गिझरच्या कॉईलवर चढतो तसाच. सोडा मी ज्या कोपऱ्यात ओतायचो तिथली वाळूही गठ्ठा झाली होती. मॅग्नेशियम तपासलं तर लिटरला ११०० मिलिग्रॅम. समुद्रात ते १३०० च्या आसपास असतं आणि कॅल्शियम व कार्बोनेटला एकमेकांना धरू देत नाही. ते कमी, त्यात पाणी ३० अंशांवर तापलेलं, म्हणून मी घातलेला सोडा चुनखडी होऊन बसत होता. त्या टाकीत बोअरचं पाणी घातलं असतं तर त्यातलं कॅल्शियम आणि केएच दोन्ही त्याच थरात गेले असते.

सोडा थांबवला. आठवडाभरात मॅग्नेशियम हळूहळू १३०० वर नेलं. मग रोज तीन ग्रॅम सोडा लिटरभर आरओच्या पाण्यात विरघळवून, जोराच्या प्रवाहात थेंबथेंब सोडला. २०० लिटरला तीन ग्रॅम म्हणजे अर्धा अंश. दिवसाला एक अंशाच्या वर मी आता कधीच जात नाही. आता केएच ७.८ वर आहे, समुद्राच्या सातापेक्षा थोडा वर, आणि महिनाभर तिथेच टिकलाय.

तुमच्या मित्राच्या टाकीला मी वाईट म्हणत नाही. त्यांचं बोअर वेगळं, कदाचित पाणीही बरं असेल. त्यांना टाकीचं एक बाटली आणि बोअरचं एक बाटली पाणी द्यायला सांगा, बाटल्या साबण न लावता धुतलेल्या हव्यात. केएच, मॅग्नेशियम आणि नायट्रेट मी तपासून देईन. आणि एकदा पंप उघडून बघायला सांगा.